कुरणावर मांडलेलं चर्च

इटलीतल्या वेन्झोने गावाचं चर्च भूकंपाने दोनदा पडलं. 6 मे 1976 च्या रात्री नऊच्या सुमाराला अर्धवट, आणि त्याच वर्षी 15 सप्टेंबरला उरलेलं. मधल्या चार महिन्यांत गावाला आशा होती. भिंती फाटल्या होत्या, काही भाग ढासळला होता, पण बाकीचं उभं होतं. टेकू लावू, आवळून धरू, पुढचं पुढे. मग सप्टेंबरात पहाटे सव्वापाचला एक धक्का आला, अकरा वाजून एकवीस मिनिटांनी दुसरा, आणि टेकू द्यायला काही राहिलंच नाही.

भूकंपाचे जे फोटो आपण पाहतो ते बहुतेक पहिल्या धक्क्यानंतरचे असतात. लोक जरा सावरायला लागले की येणाऱ्या धक्क्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. वेन्झोने ज्यात येतं त्या फ्रिउली प्रांतात मे महिन्याने माणसं नेली, जवळजवळ हजार. सप्टेंबरने धीर नेला. तंबूत राहून घरं डागडुजी करणाऱ्या हजारो कुटुंबांना सगळं सोडून समुद्रकाठच्या, हंगाम संपल्यामुळे रिकाम्या पडलेल्या हॉटेलांत हिवाळा काढायला जावं लागलं. त्या भागातल्या लोककथांत ओर्कोलात नावाचा एक राक्षस आहे. तो डोंगराच्या पोटात राहतो आणि कूस बदलली की जमीन हलते. 1976 च्या भूकंपाला लोक आजही त्याच्याच नावाने ओळखतात. एका वर्षात त्याने दोनदा कूस बदलली.

वेन्झोने हे इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातलं, ताल्यामेंतो नदीच्या काठचं, जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव. ऑस्ट्रियाकडे जाणारी वाट इथून डोंगरात शिरते, म्हणून 1258 पासून गावाला तट आहे. चौदाव्या शतकातलं तटबंदीचं गाव जसंच्या तसं राहिलं म्हणून 1965 मध्ये ते राष्ट्रीय स्मारक ठरलं. अकरा वर्षांनी त्या स्मारकातलं फार थोडं उभं होतं. गावाच्या मधोमध संत आंद्रेआचं चर्च. लोक त्याला दुओमो, म्हणजे कॅथीड्रल, म्हणतात, पण ते कुणा बिशपांचं आसन नव्हे. ते धर्मग्रामाचं, म्हणजे स्थानिक वस्तीचं, चर्च. बाप्तिस्मा, लग्न आणि अंत्यविधी, तिन्ही तिथेच. 1308 मध्ये बांधकाम सुरू झालं, 1338 मध्ये आक्विलेयाचे पॅट्रिआर्क (त्या भागाचे प्रमुख धर्माधिकारी) बेर्त्रांदो यांनी त्याचं पवित्रीकरण केलं.

आज तिथे गेलं तर ते चर्च उभं दिसतं. त्याच जागी, त्याच आकाराचं, आणि दिसणारे चिरे बऱ्याच अंशी तेच. ते कसं शक्य झालं हे समजून घेण्याचा नाद मला लागला आणि काही वर्षं तो सुटला नाही.

अशा कहाणीत मला वाटायचं की जीर्णोद्धार म्हणजे परांची, गवंडी, वास्तुविशारद आणि निधी. वेन्झोनेबद्दल वाचताना लक्षात आलं की चर्च वाचलं की गेलं, हे बांधकाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी, ढिगाऱ्यापाशीच ठरलं. भूकंपानंतर पहिली गरज असते रस्ते मोकळे करण्याची. बुलडोझर येतो. त्याच्या दृष्टीने सातशे वर्षांपूर्वी छिन्नीने घडवलेला चिरा आणि परवाच्या स्वयंपाकघराची वीट सारखीच: राडारोडा. ट्रक भरतो, नदीपात्रात किंवा खड्ड्यात रिकामा होतो, आणि त्या क्षणी चर्च खरं संपतं. पुढे कितीही पैसा ओतला तरी मग बांधता येते ती नक्कल. वेन्झोनेत जे काही लोक ढिगाऱ्याशी भांडले, हा दगड इथून हलवायचा असेल तर टाकायला नव्हे, ठेवायला हलवा, असं म्हणत राहिले, त्यांनीच हे चर्च वाचवलं असं माझं मत झालं आहे. तेव्हा त्यांना किती जणांनी वेड्यात काढलं असेल याची कल्पना करता येते. माणसं उघड्यावर, आणि तुम्हाला दगडांची पडली आहे!

पण चर्चची घाई कुणालाच नव्हती, हे इथे सांगायला हवं. फ्रिउलीच्या पुनर्बांधणीचं एक सूत्र आजही उद्धृत होतं: आधी कारखाने, मग घरं, मग चर्च. ते फ्रिउलीतल्या उदिने शहराचे आर्चबिशप आल्फ्रेदो बात्तिस्ती यांच्या नावावर आहे. धर्मगुरूने स्वतःच्या देवळाला रांगेत शेवटचं उभं करावं, हे मला फार मोठं वाटतं. त्यामागे व्यवहारही पक्का होता. काम नसेल तर तरुण जर्मनी-स्वित्झर्लंडला जातील, तसे ते त्या भागातून पिढ्यान्पिढ्या जात आलेच होते. मग घरं कोणासाठी, आणि चर्चमध्ये बसणार कोण? तेव्हा दुओमो थांबला. भिंती उभारण्याचं काम 1988 ते 1995 या काळातलं. म्हणजे 1976 च्या हिवाळ्यात तात्पुरत्या जागेत ज्या बाळाचा बाप्तिस्मा झाला, ते चर्चची दारं उघडली तेव्हा मतदानाच्या वयाचं झालं होतं. कित्येक म्हातारी माणसं या एकोणीस वर्षांत गेली, त्यांचा शेवटचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, त्या छताखाली झाला नाही. सूत्र बरोबर होतं म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

1977 मध्ये गावातल्या शेकडो लोकांनी सह्या करून मागणी केली: गाव होतं तिथेच, होतं तसंच, आणि पडलेल्याच दगडांतून बांधा. ‘जसं होतं, जिथे होतं’ ही इटलीतली जुनी घोषणा. व्हेनिसचा सेंट मार्क चौकातला घंटामनोरा 14 जुलै 1902 रोजी कोसळला तेव्हा तिथले महापौर फिलिप्पो ग्रिमानी यांनी ती दिली होती, आणि 1912 मध्ये मनोरा पुन्हा उभा राहिला. फरक असा की व्हेनिसमध्ये घोषणा नगरपालिकेने दिली. इथे ती ज्यांची घरं मातीला मिळाली होती त्यांनी दिली.

ही मागणी वाचली तेव्हा मी थबकले होते. कारण माझ्या मनातला भूकंप किल्लारीचा आहे. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनानंतरची पहाट. त्या पहाटे माणसांना मारलं ते चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या मातीच्या ओझ्याने. नंतर कितीतरी घरांतली माणसं दगडाच्या भिंतीआड झोपायला धजत नव्हती. पत्र्याचं शेड चालेल, पण दगड नको. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, रुंद रस्त्यांवर, एकमेकांपासून दूर दूर घरं मांडून. शेत लांब पडलं, शेजार लांब पडला, तरी जुन्या जागी परत जायचं म्हटलं की अंगावर काटा. मी याला चूक म्हणणार नाही. ज्या दगडाने लेकरू नेलं तोच परत छातीवर घेऊन झोपा, असं कोणी कोणाला सांगावं? म्हणून वेन्झोनेच्या लोकांनी दगडच परत मागितला याचं मला आश्चर्य वाटलं, आणि थोडी भीतीही.

खुद्द वेन्झोनेतही एकच उत्तर सगळ्यांना लागू पडलं नाही. त्याच नगरपालिकेतली पोर्तिस नावाची वाडी वरच्या डोंगरातून दरडी कोसळण्याच्या धोक्यामुळे सोडून द्यावी लागली. नवं पोर्तिस दुसरीकडे वसलं. जुनं ओसाड आहे. तेव्हा ‘जिथे होतं तिथेच’ ही भावनेची गोष्ट असली, तरी तिला जमिनीची परवानगी लागते.

आता दगडांकडे वळते, कारण खरी गंमत तिथे आहे. दुओमोचे हजारो चिरे तटाबाहेरच्या कुरणावर मांडले गेले. नुसते रचून ठेवले नाहीत; जातवारी लावून मांडले. भिंतीचे साधे चौकोनी चिरे एकीकडे, कोपऱ्याचे एकीकडे, कमानींचे, खिडक्यांच्या चौकटींचे, नक्षीचे वेगळे. प्रत्येकाची मोजमापं घेऊन नोंद. मग सुरू झालं ओळखण्याचं काम. हाताशी काय, तर भूकंपाआधीचे फोटो. चर्च राष्ट्रीय स्मारक असलेल्या गावातलं असल्यामुळे ते पुष्कळ होते, आणि मोजमापाच्या कामी येतील इतके स्पष्टही होते. फोटोतल्या भिंतीवरून प्रत्येक चिऱ्याची आकृती काढायची आणि कुरणातला कुठला दगड तिच्याशी जुळतो ते शोधायचं. वास्तुविशारद फ्रांचेस्को दोल्योनी यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलेलं आहे.

सांगायला हे सोपं वाटतं. नक्षीचा दगड कोणीही ओळखेल. त्याची जागा तोच सांगतो. कमानीचा दगड त्याच्या उतारावरून सांगतो. कोड्यात टाकतो तो साधा चिरा, ज्याच्यासारखे आणखी हजार आहेत. पण घडीव दगड दिसतात तितके सारखे नसतात. चौदाव्या शतकातल्या पाथरवटाने प्रत्येक थराची उंची हाताशी आलेल्या दगडावरून ठरवलेली असते, त्यामुळे अमुक उंचीचा चिरा अमुक थरातच बसू शकतो. त्यातून लांबी. मग पृष्ठभाग: ऊन-पावसाच्या बाजूला शेवाळ आणि काळेपणा, आतल्या बाजूला गिलाव्याचे किंवा चित्राच्या रंगाचे कण. एखादा कोपरा भूकंपाच्या आधीपासूनच उडालेला असतो आणि तो फोटोत दिसतो; तसा दगड सापडला की त्याचे शेजारी सापडायला लागतात. ढिगाऱ्यात कुठला दगड कुठे पडला होता हेही कामी येतं, कारण भिंत कोसळते ती काही अगदी मन मानेल तशी नाही. ढिगाऱ्यालाही थर असतात, खालचा आधी पडलेला, वरचा नंतर. यंत्राने तो एकदा उलथापालथा केला की ही माहिती कायमची जाते. म्हणून परत परत त्याच मुद्द्यावर येते: पहिल्या आठवड्यात ढिगारा कोणाच्या हातात होता?

या पद्धतीला संवर्धनाच्या क्षेत्रात अनास्टायलोसिस म्हणतात. जगातल्या प्रसिद्ध उदाहरणांत बहुतेक खांब आणि तुळया असतात, ग्रीक मंदिरांचे मोठमोठे तुकडे, चुना न वापरता एकावर एक ठेवलेले. भिंतीचं तसं नसतं. जुन्या युरोपीय चर्चची भिंत म्हणजे बाहेरून एक घडीव पदर, आतून एक, आणि मधे पारीत सारण भरावं तसा दगडगोट्यांचा आणि चुन्याचा भराव. भूकंपात हे दोन पदर एकमेकांपासून सुटतात, मधला भराव खाली बसतो आणि पाचर ठोकल्यासारखा पदरांना बाहेर ढकलतो. भराव परत जमवता येत नाही, त्याला चेहरा नसतो. तेव्हा दिसणारं सगळं जुनं असलं तरी भिंतीचं पोट नवं करावंच लागतं. आणि ते पूर्वीपेक्षा घट्ट बांधलेलं असावं लागतं, नाहीतर ओर्कोलातने पुढच्या वेळी कूस बदलली की पुन्हा कुरण आहेच.

इथे शुद्धतावादी नाक मुरडतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पडलेली वास्तू परत उभारणं म्हणजे काळाला खोटं पाडणं, मधे काही घडलंच नाही असं भासवणं. जीर्णोद्धाराची तत्त्वं सांगणाऱ्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत स्पष्ट म्हटलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. दुओमोच्या बाबतीतही ऐंशीच्या दशकात हा वाद झालाच. माझ्या मते त्यावरचं उत्तर त्या कुरणातच होतं: ज्या दगडाची जागा पुराव्याने ठरली तो त्या जागी ठेवणं हा अंदाज नव्हे. उरलेल्या रिकाम्या जागा नव्याने भरायच्या, पण नव्याने भरल्या आहेत हे लपवायचं नाही.

मी गेले तेव्हा उदिनेहून तार्व्हिझियोकडे जाणारी गाडी पकडली होती. स्टेशनवरून चालत तटाच्या आत शिरलं की क्षणभर फसगत होते. वाटतं, सगळं चौदाव्या शतकातलंच आहे. मग हळूहळू खटकायला लागतं. कोपरे जरा जास्तच सरळ. चिऱ्यांमधले सांधे जरा जास्तच एकसारखे भरलेले. मला हे आवडलं. दुओमोत शिरल्यावर तर लपवाछपवी नाहीच. एकच मोठं दालन, उंच, भरपूर उजेडाचं, आणि पाहणाऱ्याला सवय होईपर्यंत ओकंबोकं. भिंतीचित्रांचे तुकडे जागच्या जागी बसवलेले, मधे मोठमोठ्या मोकळ्या जागा. कुणा संताचा अर्धा चेहरा, मग पांढरी भिंत, मग हाताचा पंजा. तो अर्धा चेहरा पूर्ण रंगवून टाकणं काही अवघड नव्हतं. पर्यटकांना बरंही वाटलं असतं. कोणीतरी हात आवरला.

जुन्या वाड्याचा जीर्णोद्धार म्हणून त्याला ऑइलपेंट फासणारी मंडळी आपण पाहतोच, म्हणून हात आवरण्याचं मला जास्त कौतुक.

चर्चशेजारी संत मिखाएलचं गोल चॅपल आहे आणि त्याच्या तळघरात वेन्झोनेच्या ममी. 1647 मध्ये चर्चच्या विस्ताराचं काम चालू असताना पहिला सुकलेला देह सापडला, मग आणखी सापडत गेले. 1807 मध्ये नेपोलियन येऊन पाहून गेला. मला ते पाहून काही धन्य वगैरे वाटलं नाही. पण भूकंपानंतरच्या त्या गोंधळात, जिवंत माणसं शोधून झाल्यावर, कोणीतरी ढिगाऱ्यातून या शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या गावकऱ्यांनाही बाहेर काढलं, हे मनात राहिलं.

गावात तिएरे मोतुस नावाचं भूकंपाचं संग्रहालय आहे. तिथले फोटो पाहिले की चर्चकडे परत जाऊन बघावंसं वाटतं, आणि मी गेलेही. दुसऱ्या फेरीत मी वर नाही, खाली बघत होते, पायाजवळच्या थरांकडे. पडझडीतही जे खालचे थर जागेवर राहिले आणि ज्यांच्यावर पुन्हा रचलं गेलं, त्यांच्यातली सांध्याची रेघ शोधत होते. काही ठिकाणी सापडल्यासारखी वाटली. खात्री देणार नाही.

दुओमोपेक्षाही मला थांबवलं ते संत जोव्हान्नी बात्तिस्ताच्या चर्चने. तेही 1976 मध्ये पडलं. ते बांधलं नाही. मोडक्या भिंती, वर आकाश, आणि तसंच ठेवलेलं, मुद्दाम. एका गावात एक चर्च दगडन्‌दगड जुळवून उभं, आणि दुसरं पडलं तसंच. आधी मला यात विसंगती वाटली. नंतर वाटलं, हे दुसरं नसतं तर पहिल्याचा अर्थच कळला नसता. पुढच्या पिढीतल्या पोराला दुओमो दाखवून ‘हे पडलं होतं’ म्हटलं तर तो विश्वास कशावर ठेवणार? शेजारच्या जेमोना गावात हेच वेगळ्या तऱ्हेने केलं आहे. तिथल्या दुओमोची दक्षिणेकडचं बाजूचं दालन आणि घंटामनोरा कोसळला होता. सगळं दुरुस्त झालं, पण आतले खांब भूकंपाने जितके कलले तितके कललेलेच ठेवून भक्कम केले. दर्शनी भिंतीवर संत क्रिस्तोफरचा चौदाव्या शतकातला सातेक मीटर उंच पुतळा आहे, तो काही हलला नाही. आत मात्र मिस्साला बसलेल्या माणसाला रोज तिरके खांब दिसतात. मला तो उपाय जास्त धीट वाटतो, पण रोज त्यांच्याखाली बसायची माझी तयारी आहे का, ते विचारू नका.

फ्रिउलीतल्या पडलेल्या चर्चेसच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट निघाली, आणि तिचा उपयोग वेन्झोनेपेक्षा मोठा आहे. दोल्योनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आलं की चर्च एकसंध इमारत म्हणून पडत नाही. भागाभागाने पडतं, आणि प्रत्येक भागाची पडण्याची रीत ठरलेली असते. दर्शनी भिंत पुढे उलटते. वेदीमागचा अर्धगोल बाहेर फाकतो. मनोरा मानेशी तुटतो. कमान मधे उघडते. यावरून तपासणीचा एक छापील नमुना तयार होत गेला. आज इटलीत भूकंपानंतर चर्चची पाहणी करणारे लोक कोसळण्याच्या अशा 28 रीती एकेक करून तपासतात. आधीच्या काळातल्या एका उपायाचं पितळही यातूनच उघडं पडलं: लाकडी छपराच्या जागी काँक्रीटचा जड स्लॅब आणि तुळई घातली की चर्च भक्कम होतं, हा समज. 1997 च्या उम्ब्रियातल्या भूकंपात अशा कितीतरी जुन्या भिंती वरच्या त्या नव्या ओझ्यानेच फुटल्या.

त्यानंतरही इटलीत भूकंप झाले: 2009 मध्ये लाक्विला, 2016 मध्ये अमात्रिचे आणि नोर्चा. दर वेळी पुन्हा तेच ढिगारे. पण 2016 नंतर राडारोडा उचलण्याचे नियम बदलले. ढिगाऱ्याचे तीन वर्ग ठरले: संरक्षित वास्तूंचे अवशेष ‘अ’ वर्गात, ते निवडून, नोंदवून साठवायचे, जुन्या पण संरक्षित नसलेल्या घरांतले घडीव चिरे, कौलं, तुळया, लोखंडी काम ‘ब’ वर्गात, तेही वेगळं काढायचं, उरलेलं ‘क’. वेन्झोनेत मूठभर लोकांनी भांडून जे केलं ते आता कागदावर आहे. कागदावर आहे म्हणून ते प्रत्येक ढिगाऱ्यापाशी होतं असं नाही. त्यासाठी यंत्र चालवणाऱ्याशेजारी, धुळीत, फावडं खाली येण्याआधी ‘थांब’ म्हणणारा एक जाणकार उभा करावा लागतो. आणि एका रात्रीत शेकडो चर्च पडलेली असतात, तेव्हा इतके जाणकार आणायचे कुठून, हा प्रश्न वेन्झोनेच्या गावकऱ्यांपुढे नव्हता, आता आहे.